बोटभर जागा

कुताइसी शहर संपतं तिथे बंद पडलेला ट्रकचा कारखाना,
कारखाना संपतो तिथे टायरवाला,
आणि टायरवाल्याच्याही मागे
दोन अक्रोडांच्या आड हे हॉटेल.
पाटीवरची तीन अक्षरं विझलेली.
रात्रीचे तीस लारी. न्याहारी वेगळी.

काउंटरवर लामारा विणत बसली होती.
टाका न सोडता म्हणाली, "एकटेच?"
हो म्हटलं.
"मोठी खोली देते. लहान बांधल्याच नाहीत आम्ही.
आमच्या नुग्झारला वाटलं, विमानतळ झाला की माणसं येतील.
येतात की. पण गाड्या थेट गावात जातात."

खोली म्हणजे काय, आमच्या गावची शाळा.
लांबीला अकरा पावलं, रुंदीला सात.
मोजली मी.
तीन पलंग; चौथा कधीतरी कुणी नेला असावा,
फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग.
कपाट इतकं खोल की माझा एकुलता कोट
आत वाट चुकल्यासारखा लटकला.
न्हाणीघरात खुर्ची. कशाला, कुणास ठाऊक.
बसून पाहिलं.

माक्वालाला फोन लावला, इटलीत.
ती तिथे एका म्हातारीला उठवते, बसवते, भरवते,
आणि रात्री तिच्या शेजारच्या अडगळीत निजते,
पाय ताणले की दाराला लागतात.
सातवं वर्ष.
"खोली कशी आहे?"
"बरी आहे," म्हटलं. "लहानच आहे तशी."

दिवा मालवला.
एवढी जागा, आणि मी जागा.
पहिल्या पलंगावर कूस बदलली, दुसऱ्यावर गेलो,
तिसऱ्याची स्प्रिंग बरगडीत बोचत होती.
बाहेर महामार्ग. ट्रकचा उजेड छतावर चढायचा
आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचेतो
ट्रक केव्हाच निघून गेलेला असायचा.

मी माश्या पाळतो, वर राचाच्या डोंगरात, चव्वेचाळीस पेट्या.
उद्या बाजारातून नव्या चौकटी न्यायच्यात.
माश्यांचा हिशेब सरळ:
दोन पोळ्यांमध्ये जाण्यायेण्यापुरती फट,
करंगळीहून बारीक.
तेवढी त्या मोकळी ठेवतात.
जास्त सोडलीत तर त्यांना सोसत नाही,
मेण ओढून ओढून, वाकडंतिकडं का होईना, भरून काढतात.
चूक पेटीवाल्याची. निस्तरतात त्या.

दोनच्या सुमाराला दार वाजलं.
लामारा. खांद्यावर शाल, सुया तशाच हातात.
"वऱ्हाड आहे. बस बंद पडली.
खाली जिन्यातसुद्धा माणसं झोपवलीत.
तुमच्याकडे दोन पलंग...
नाही म्हणालात तरी चालेल, पैसे भरलेत तुम्ही."
तिच्या मागे एक पोरगेला ढोलवाला, ढोल पोटाशी धरून,
आणि एक म्हातारा, नवे बूट हातात.

या म्हटलं.
म्हाताऱ्याने बूट कपाटात ठेवले,
माझ्या कोटाखाली, जोडीने, टाचा भिंतीला.
"ओतार," म्हणाला, आणि घोरूच लागला.
पोराला ढोल कुठे ठेवावा कळेना.
चौथ्या पलंगाच्या डागांमध्ये ठेव म्हटलं.
बरोबर बसला.

डोळा केव्हा लागला, सांगता येणार नाही.
सकाळी दोघेही गेलेले,
उशाशी रुमालात लग्नाच्या पावाचा तुकडा,
कपाटात बुटांची धूळसुद्धा नाही.
लामाराने वीस लारी परत केले.
मी दहा ठेवा म्हणालो, ती नको म्हणाली,
शेवटी त्यांची न्याहारी झाली, दोघांची.

परतीच्या गाडीत, मांडीवर चौकटींचा गठ्ठा,
माक्वालाला खरं सांगून टाकलं:
लांबीला अकरा पावलं, रुंदीला सात.
बराच वेळ पलीकडून नुसती म्हातारीची खोकल्याची उबळ.
मग म्हणाली, "पावलं कुणाची?"
"माझी."
"हं," म्हणाली. "मग माझी चौदा भरतील."